परदेशात वर्षानुवर्षं राहून अंगात नेमकं काय मुरलं?

लेखिका: उंबरठ्यावर

गेल्या आठवड्यात इथल्या एका सरकारी कामासाठी फॉर्म भरत होते. मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहा, तारखांसकट, मध्ये एकही महिना रिकामा सुटता कामा नये. जुने भाडेकरार, विजेची बिलं काढून जमिनीवर पसारा मांडला. सहा पत्ते निघाले. पाचव्या घराची खिडकी कुठल्या बाजूला होती ते काही केल्या आठवेना, पण तिथल्या जिन्याची अकरावी पायरी डुगडुगायची हे पायाला पक्कं आठवत होतं. फॉर्मच्या शेवटी दोन रकाने: सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. सध्याचा लिहिला. कायमच्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच. फॉर्म अजून टेबलावर पडलाय.

देश सोडून मला १९ वर्षं होतील. 'दोन वर्षं राहू, मग बघू' म्हणत आले होते, जसे बहुतेक सगळेच येतात. हा विषय निघाला की गप्पा दोनच वाटांनी जातात. काय कमावलं: पगार, घर, पासपोर्ट, मुलांची शिक्षणं. नाहीतर काय गमावलं: आईवडिलांची म्हातारपणं, मैत्रिणींची लग्नं. दोन्हींवर भरपूर दळून झालंय. मला तिसरंच विचारायचंय. बँकेत दिसत नाही, सामानात बांधून आणता येत नाही, फक्त तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलंय, असं काही आहे का? आणि तेही चार-सहा महिन्यांच्या फेरीत मिळणारं नको, वर्षं काढल्यावरच मिळतं असं.

आधी माझं सांगते. मला अडाणीपणाची सवय झाली. इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका कार्यालयाचं दोन पानी पत्र आलं. शब्दकोश घेऊन बसले, साडेतीन तास. एवढा अर्थ लागला की मला काहीतरी भरायचंय, नाहीतर काहीतरी बंद होणार आहे. काय भरायचं आणि काय बंद होणार, ते कळेना. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, मला हे वाचता येत नाही. आजींनी चष्मा लावला, पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. पत्र माझ्या आधीच्या भाडेकरूचं होतं.

दोन पदव्या घेतलेली बाई एका अनोळखी दाराशी उभी राहून 'वाचता येत नाही' म्हणते, ते पहिल्यांदा फार लागतं. पण एकदा ते वाक्य तोंडातून गेलं की पुढे वाट मोकळी होते. आज ऑफिसातल्या बैठकीत 'मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का' असं म्हणणारी बहुतेक वेळा मी एकटीच असते. बाकीच्यांनाही कळलेलं नसतं, हे चेहऱ्यांवरून दिसत असतं.

दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. मी भिडस्त आहे असं मी जन्मभर समजत आले. 'नाही' म्हणायला जीभच रेटायची नाही. इथल्या भाषेत मात्र मी सरळ 'नाही' म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. वाटलं, चला, आपण बदललो. मग सुट्टीत घरी गेले आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिघांना तीन कामांसाठी 'हो' म्हणून बसले. मग भिडस्तपणा माझा होता की मराठीचा? की इथला धीटपणाच उसना आहे?

तुमचं लिहा. हलकंफुलकं असलं तरी चालेल. फायद्यातोट्यांचा तक्ता मात्र नको.

प्रतिसाद: बोरूबहाद्दर

आधीचा भाडेकरू :) मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे, सवडीने लिहितो.

प्रतिसाद: खडूस पाहुणा

रंगाचा बेरंग करतोय, माफी असावी. मिळालं ते पगार. बाकी सगळी मनाची समजूत.

१९५९ मध्ये ॲरनसन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलींना एका चर्चामंडळात घ्यायचं होतं. काहींना आत येण्याआधी चांगलीच अवघडून टाकणारी चाचणी, काहींना किरकोळ, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना मंडळाची चर्चा ऐकवली, ती मुद्दाम रटाळ केलेली. जिने जास्त सोसलं तिला ती रटाळ चर्चा जास्त आवडली. एवढं सोसून आत आलो, तर आतलं चांगलंच असणार, नाही का?

आपलं तेच आहे. व्हिसाच्या रांगा, पहिली एकटी वर्षं, एवढं सगळं झाल्यावर 'पण मी माणूस म्हणून घडलो' असं म्हणावंच लागतं. नाहीतर रात्री झोप कशी लागेल? शिवाय ज्यांच्या हाती काही लागलं नाही ते केव्हाच परत गेले. ते कशाला येतील इथे लिहायला?

हलकेच घ्या. मी स्वतः २२ वर्षं बाहेर आहे, म्हणून बोलायचा हक्क सांगतोय.

प्रतिसाद: निरीक्षणवही

खडूसराव, प्रयोगाला प्रयोगानेच उत्तर देतो.

हायो ॲडम, ओटिलिया ओबोडारू, जॅक्सन लू, विल्यम मॅडक्स आणि ॲडम गॅलिन्स्की यांचा एक शोधनिबंध २०१८ मध्ये आला. सहा अभ्यास, मिळून १,८७४ माणसं. प्रश्न असा, की परदेशात राहिल्यावर माणसाला स्वतःबद्दल जास्त स्पष्ट कळायला लागतं का? उत्तर आलं, कळायला लागतं. जे बाहेर पडतात ते मुळातच वेगळे असतील, ही शंका त्यांनाही होतीच. म्हणून राहून आलेल्यांची तुलना त्यांनी अजून जायचे असलेल्यांशीही करून पाहिली. फरक तरीही राहिला.

या धाग्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. किती देशांत राहिलात याला महत्त्व नव्हतं, एकूण किती काळ राहिलात याला होतं. पाच देशांत एकेक वर्ष काढणाऱ्यापेक्षा एकाच देशात दहा वर्षं मुरलेल्याला स्वतःचा अंदाज जास्त. कारणही त्यांनी तपासलं. आजूबाजूचे लोक भलत्याच पद्धतीने वागताना दिसले की माणूस विचारात पडतो: मी अमुक करतो ते मला पटतं म्हणून, की मी वाढलो तिथे सगळे करायचे म्हणून? जन्मभर एकाच जागी राहणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारणच येत नाही. उंबरठ्यावरताईंनी भिडस्तपणाबद्दल नेमकं हेच विचारलंय.

मॅडक्स आणि गॅलिन्स्की यांचंच २००९ चं आणखी एक काम आहे. त्यात कार्ल डुंकर यांचं जुनं मेणबत्तीचं कोडं वापरलं होतं. टेबलावर एक मेणबत्ती, एक काड्यापेटी आणि खोकंभर टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली ठिबकता कामा नये. बरेच लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसतात, किंवा मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतात. खरं उत्तर म्हणजे खोकं रिकामं करा, ते भिंतीला टाचा आणि त्यात मेणबत्ती उभी करा. पण 'खोकं म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू' हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की ते दिसतच नाही. जे परदेशात जितका जास्त काळ राहिले होते, त्यांना हे सुटण्याची शक्यता तितकी जास्त. नुसतं फिरून आलेल्यांत असा संबंध सापडला नाही. आमच्याकडे पहिलं वर्षभर मोठी सूटकेस हेच टेबल होतं, त्यामुळे मला हा निष्कर्ष लगेच पटला.

अवांतर: संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये आपला देश सोडून राहणारी माणसं ३०.४ कोटी होती. आकडा भला मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येत तो ३.७ टक्के भरतो. शंभरात चारसुद्धा नाहीत. घरची माणसं आपल्याला विचित्र समजतात यात त्यांचं फारसं चुकत नाही.

प्रतिसाद: खडूस पाहुणा

सूटकेसचं टेबल हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही. बाकी नोंद घेतली आहे.

प्रतिसाद: शब्दयोगी

धागालेखिकेच्या 'नाही'बद्दल आधी. बोआझ कायझर आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं संशोधन आहे: तोच प्रश्न मातृभाषेत आणि नंतर शिकलेल्या भाषेत विचारला तर माणसं वेगळा निर्णय घेतात. 'इतके वाचतील' म्हणा किंवा 'इतके मरतील' म्हणा, हिशेब एकच असतो, तरी मातृभाषेत माणूस शब्दांच्या मांडणीने हलतो. परक्या भाषेत तितका हलत नाही. पुढे २०१४ मध्ये अल्बर्ट कोस्ता वगैरेंना असं दिसलं की पाच जणांना वाचवायला एका माणसाला पुलावरून ढकलाल का, या प्रश्नाला परक्या भाषेत 'हो' म्हणणारे जास्त निघतात. थोडक्यात, नंतर शिकलेल्या भाषेतला शब्द काळजापर्यंत जरा कमी पोचतो. इथल्या 'नाही'पाठीमागे तुमचं बालपण उभं नाही. मराठीतल्या 'नाही'पाठीमागे एखादी डोळे वटारणारी मावशी उभी असणार.

आता माझं. मी सोळा वर्षं जर्मनभाषक मुलुखात आहे. सहा-सात वर्षांपूर्वी आईशी फोनवर बोलताना सहज म्हणून गेलो, "उद्या आपल्याकडे सुट्टी आहे, उशिरा उठेन." आई थांबली. मग म्हणाली, "आपल्याकडे म्हणजे?"

मला पटकन उत्तर सुचेना. ती रागावली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं, कारण तिच्याकडे काही दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत याकडे आपलं लक्षही नसतं. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून, आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. गुजरातीत हा भेद आहे, तमिळमध्ये आहे, इंडोनेशियनमध्ये 'कामी' आणि 'किता' आहेत. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये नाही. तिथे एकाच 'वी'खाली सगळं लपून जातं. ऑफिसात 'आपला देश' म्हणायचं की 'तुमचा देश', हा निर्णय मला कधी घ्यावाच लागला नाही, सर्वनामाने माझ्या वतीने तो परस्पर घेऊन टाकला. मराठीने मात्र पकडलं. आईशी बोलताना इथल्या सुट्टीला 'आमच्याकडे' म्हणायला हवं होतं, आणि 'आमच्याकडे' म्हटलं असतं तर आई बाहेर गेली असती. म्हणून जिभेने आपणहून आईलाही आत ओढलं, तिला न विचारता.

तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. 'आपण' कधी, कुणाला धरून म्हणतो याची. कराबद्दल तक्रार करताना इथल्यांना धरून म्हणतो. फुटबॉल बघताना त्यांना धरून. क्रिकेट बघताना अर्थातच नाही :) मला मिळालं ते हे. या शब्दाला बिजागरी आहे आणि तो दोन्हीकडे उघडतो, हे घरी राहिलो असतो तर कळलं नसतं.

आणि व्याकरण! शाळेत शब्दयोगी अव्ययं पाठ केली ती मार्कांसाठी. चाळिशीत परक्या भाषेच्या वर्गात बसलो तेव्हा कळलं की मराठी काय चीज आहे. तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीवाले सहाध्यायी कपाळाला हात लावत होते, मी निवांत. फक्त सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी (डी झोनं, डेअर मोंड) हे पचायला वेळ लागला. आपल्याकडे, बघा पुन्हा, मराठीत दोघेही 'तो'. तिथे मुलगी नपुंसकलिंगी, तर आपणही लाडाने 'ते पोर' म्हणतोच की.

प्रतिसाद: जिभेला हाड

शब्दयोगी, जपानमध्ये या. क्रियापद शेवटी, 'वर', 'साठी', 'पासून' सगळे नामाच्या मागे उभे. वाक्य मराठीत जुळवायचं आणि शब्द बदलायचे. निदान पहिलं वर्षभर असा भ्रम टिकतो. नंतर आदरार्थी रूपं सुरू होतात आणि गर्वाचं घर खाली.

'आपल्याकडे म्हणजे' याला मात्र पैकीच्या पैकी.

प्रतिसाद: दोन ळ

माझ्या आडनावात दोन ळ आहेत. दोन! यावरून परदेशातली माझी १२ वर्षं कशी गेली असतील ते ओळखा.

मिळालेलं बक्षीस: फोनवर नाव सांगताना अल्फा-ब्राव्हो-चार्ली इतक्या वेगाने येतं की वैमानिक लाजावा. एकदा एका काउंटरवरच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि अर्ध्या तासाने 'मिस्टर चार्ली' म्हणून पुकारा केला. उठलो. काम झालं.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. घरी मी कायम 'अमक्यांचा धाकटा' होतो. थोरल्याने काय केलं, काकांनी काय केलं, त्या मापाने माझं माप. इथे कोणाला ना थोरला माहीत ना काका. पहिले दोन महिने पोकळी वाटली, नंतर अशी मोकळीक की विचारू नका. वयाच्या ३४ व्या वर्षी पोहायला शिकलो, लहान मुलांच्या तुकडीत, हाताला फुगे बांधून. घरी हे मी सात जन्मांत केलं नसतं.

प्रतिसाद: आलो बाबा परत

खडूस पाहुणे म्हणतात की परतलेले इथे येणार नाहीत. आलो.

चौदा वर्षं बाहेर काढून चार वर्षांपूर्वी कुटुंबासह परतलो. माझ्या मते हिशेब परतल्यावरच लागतो. नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या शिष्यवृत्तीधारकांशी बोलून, यू अक्षराचा आलेख मांडला होता. सुरुवातीला हुरूप, मग घसरण, मग पुन्हा वर. गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये त्याला आणखी एक यू जोडला, घरी परतल्यानंतरचा. दोन्ही मिळून डब्ल्यू. नंतरच्या संशोधकांनी या आलेखांवर बऱ्याच शंका काढल्या आहेत आणि सगळ्यांचं असंच होतं असं नाही. माझं मात्र अगदी पट्टीने आखल्यासारखं झालं.

आल्फ्रेड शुत्झ नावाचे एक तत्त्वज्ञ होते, व्हिएन्नाचे. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर देश सुटला, पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला आले. दिवसा बँकेच्या व्यवहारातली नोकरी, संध्याकाळी तत्त्वज्ञान. त्यांनी १९४४ मध्ये 'परका' या विषयावर निबंध लिहिला आणि १९४५ मध्ये 'घरी परतणारा' यावर. परक्याबद्दलचा त्यांचा मुद्दा असा, की समाजात वाढलेल्या माणसाजवळ जगण्याच्या तयार कृती असतात. कोणाला काय म्हणायचं, कधी थांबायचं, याचा तो विचार करत नाही. परक्याला मात्र प्रत्येक कृती आधी सोडवावी लागते. आणि परतणाऱ्याची फसगत वेगळीच. परक्याला निदान माहीत असतं की इथलं आपल्याला ठाऊक नाही. परतणाऱ्याला वाटत असतं की सगळं ठाऊक आहे.

मी परतल्यावर पहिल्याच महिन्यात भाच्यासमोर कॉलेजातला एक शब्द वापरला. तो आधी खो खो हसला, मग माझी कीव करत म्हणाला, "मामा, असं आता कोणी नाही म्हणत." माझी मराठी मी विमानात बसलो त्या वर्षापाशीच थांबली होती. इथली मात्र चौदा वर्षं पुढे गेलेली.

मग मिळालं काय? ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो तिथे आता मला दिसतं. आधी दिसत नव्हतं, नुसता राहत होतो. सकाळी लोक एकमेकांना न विचारता किती गोष्टी परस्पर ठरवून मोकळे होतात! रस्ता ओलांडताना अनोळखी म्हाताऱ्याचा हात कोणीही धरतं, आणि त्याच रस्त्यावर त्याच म्हाताऱ्याला रांगेत मागेही ढकलतं. दोन्ही गोष्टी मी स्वतः केलेल्या आहेत, आणि तेव्हा त्या गोष्टी आहेत हेच माहीत नव्हतं. बायको म्हणते, तू आता घरातही पर्यटकासारखा बघतोस. ती कौतुकाने म्हणत नाही.

प्रतिसाद: तिसरीच

इथे सगळे स्वतःहून गेलेले लिहिताहेत. मला नेलं होतं. वय सहा.

माझ्यासारख्यांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हणतात. हा शब्द समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांचा, आणि गंमत म्हणजे १९५०च्या दशकात त्या भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या तेव्हा सुचलेला. आईबाबांना 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन खोल्या असतात, एकीत उभं राहून दुसरीकडे बघता येतं. मला पहिल्यापासून जिनाच. 'तू मूळची कुठली' या प्रश्नाची माझ्याकडे तीन उत्तरं आहेत: आठ सेकंदांचं, एक मिनिटाचं आणि 'बसा, सांगते' असं. समोरच्याचा चेहरा बघून निवडते. ही निवड मला कोणाहीपेक्षा चांगली जमते, हे मान्य. पण बक्षीस म्हणणार नाही, तो माझा हात आहे, जन्मापासून जोडलेला.

प्रतिसाद: रात्रपाळी

लिहू की नको असं तीन दिवस चाललंय.

आले तेव्हा फोनकार्डाचे दिवस होते. कार्ड नाण्याने खरवडायचं, लांबलचक आकडा दाबायचा, मग एक बाई आधी सांगणार की तुमच्याकडे इतकी मिनिटं आहेत. बाबा मुळात बोलायचे नाहीत. "बरी आहेस ना? ठेव, पैसे पडताहेत." पाच वर्षं एवढंच.

मग इंटरनेटवरून फुकटात बोलता यायला लागलं आणि 'पैसे पडताहेत' म्हणायची सोय संपली. दर रविवारी तासभर. सुरुवातीला आम्ही दोघं नुसते एकमेकांचा श्वास ऐकायचो. ते वर्तमानपत्र चाळायचे त्याचा आवाज यायचा. हळूहळू बोलायला लागले. समोरच्या झाडावरचा कावळा, जिन्यातला दिवा, मग त्यांची पहिली नोकरी, तिथला साहेब. एका रविवारी म्हणाले, मी सतरा वर्षांचा असताना घर सोडून पळालो होतो. तिसऱ्या दिवशी परत आलो, घरच्यांना वाटलं मित्राकडे होतो. "तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तू लांब आहेस म्हणून सांगतो."

ते गेले तेव्हा फोन रात्री पावणेतीनला आला. पोचायला तीस तास लागले. कोणी थांबलं नव्हतं, थांबता येण्यासारखं नव्हतं.

याला बक्षीस म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. भाऊ जन्मभर त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिला, औषधं, दवाखाना सगळं त्यानेच केलं. त्याला ती पळून जाण्याची गोष्ट माहीत नाही. मी अजून सांगितलेली नाही. लांब असण्यामुळे मिळालेलं आहे, ते जवळ असणाऱ्याला कोणत्या तोंडाने द्यायचं?

प्रतिसाद: बोरूबहाद्दर

वाचलं, रात्रपाळीताई. सवडीने लिहिणार होतो, आता काही सुचत नाहीये.

प्रतिसाद: खडूस पाहुणा

रात्रपाळी, माझा पहिला प्रतिसाद तुमच्या आधी होता हे बरं झालं.

ठीक आहे, माझंही लिहितो, एकदाच. घरी असताना मी माझ्या क्षेत्रातला बऱ्यापैकी वरचा माणूस होतो. क्षेत्र सांगत नाही. इथे आलो तर पदवी मानायला तयार नाहीत. परीक्षा द्या, तोवर मदतनीस म्हणून काम करा. वय ३९. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरगा मला यंत्र कसं पुसायचं ते शिकवत होता. ते यंत्र कसं चालतं हे मी दहा वर्षं इतरांना शिकवलेलं. सांगितलं नाही त्याला. का नाही सांगितलं याचा नंतर पुष्कळ विचार केला. एक तर सांगायला भाषा पुरत नव्हती. दुसरं, त्याने शिकवलं फार चांगलं. घाई नाही, तोरा नाही, फडकं कसं धरायचं इथपासून. मी कोणालाही इतकं नीट शिकवलेलं नव्हतं.

तीन वर्षांनी परीक्षा पास झालो, पुन्हा वरच्या जागी बसलो. हाताखाली नवीन कोणी आलं की मी फडक्यापासून सुरू करतो. लोकांना वाटतं, हा सावकाश माणूस आहे.

आता ॲरनसन-मिल्स यांनी मला खुशाल धरावं. सोसलं म्हणून गोड वाटतंय का? असेल. मला त्या तीन वर्षांचा अजूनही राग येतो, आणि तो राग मी सोडणार नाही. पण फडकं खरं आहे.

प्रतिसाद: निरीक्षणवही

खडूसराव, सूटकेसच्या टेबलाचा पुरावा मागे घेतो. फडकं दाखल करून घ्यावं.

प्रतिसाद: उंबरठ्यावर

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायचं होतं, पण काही प्रतिसादांना उत्तर देणं आगाऊपणा होईल. रात्रपाळी, भावाला सांगायचं की नाही याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की 'तू लांब आहेस म्हणून सांगतो' हे वाक्य मीही ऐकलंय, वेगळ्या माणसाकडून.

तिसरीच, तुमचा प्रतिसाद माझ्या मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आठ सेकंद? मी पाचात उरकते."

शब्दयोगी, काल बहिणीशी बोलताना मुद्दाम कान देऊन होते. वीस मिनिटांत 'आपल्याकडे' चार वेळा म्हणाले. तीनदा तिकडचं, एकदा इकडचं. इकडचं होतं ते पावसाबद्दल. बहिणीने टोकलं नाही, म्हणजे एक तर तिला सवय झालीय किंवा तिचं लक्ष नव्हतं.

आणि फॉर्म काल नेऊन दिला. कायमच्या पत्त्यापुढे 'वरीलप्रमाणे' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने वर बघितलंही नाही, शिक्का मारला आणि पावती दिली. पावतीवर नाव चुकलंय.

प्रतिसाद: दोन ळ

चार्ली लिहिलंय का?